चाकांवरचे घर आणि विरळ हवा

फेब्रुवारी संपत आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक वर्दळ सुरू होते. परदेशी असलेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे आईवडील सहा महिन्यांची औषधे, इंग्रजीतील चिठ्ठी आणि ‘सर्व ठीक आहे’ असा दिलासा घ्यायला येतात. पूर्वी प्रश्न विमानप्रवासापुरते असत. पाय सुजतील का, इन्सुलिन हातातल्या पिशवीत नेऊ देतात का, असे. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘डॉक्टर, मुलाने घर असलेली गाडी भाड्याने घेतली आहे. आठ दिवस डोंगरात राहायचे म्हणतो. आम्हाला झेपेल का?’

या गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. आतमध्ये झोपायला पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, शीतकपाट, न्हाणी आणि शौचालय असते. दिवसभर फिरावे आणि रात्री ठरलेल्या तळावर गाडी उभी करून तिच्यातच झोपावे, अशी रीत आहे. आपल्या ज्येष्ठ मंडळींना ही कल्पना ऐकताच आवडते, त्यामागे एक कारण असते आणि ते सहसा कुणी उघड बोलत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या गृहस्थाला दर तासाला लघवीला उठावे लागते. अशा माणसाला शौचालय बरोबर घेऊन हिंडणारी गाडी म्हणजे वरदानच वाटते. मधुमेही गृहिणीला वेळेवर गरम भाकरी-भाजी मिळते आणि पथ्य मोडत नाही. अनोळखी हॉटेलात रात्री अंधारात भिंती चाचपाव्या लागत नाहीत. या सोयी खऱ्या आहेत, म्हणून माझे उत्तर बहुधा होकारार्थी असते. त्यानंतर मात्र मी एकच प्रश्न विचारतो, ‘गाडी रात्री उभी कुठे राहणार?’

हा प्रश्न विचारण्याचे कारण समजावे म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एस्टिस पार्क नावाचे एक छोटे डोंगरी गाव आहे. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडील प्रवेशद्वारांशी ते वसले आहे. माझ्या रुग्णांपैकी अनेकजण तेथे जाऊन आले आहेत, कारण डेन्व्हरच्या विमानतळावर उतरून गाडी ताब्यात घेतली की दोन तासांत तेथे पोहोचता येते. आपल्या मनातील ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणजे महाबळेश्वर, आणि त्याची उंची चौदाशे मीटरच्या आतली. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. आता पाहा. डेन्व्हर हे सपाटीवरचे मोठे शहर, तेच १६०९ मीटरवर आहे. म्हणजे विमानातून उतरलो की आपण जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे असतो. एस्टिस पार्क २२९३ मीटरवर आहे. उद्यानातील तळ त्याहून वर, अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत, आणि उद्यानातून पलीकडे जाणारा ट्रेल रिज मार्ग ३७१३ मीटरपर्यंत चढतो. लेह शहराहूनही हा रस्ता उंच जातो, आणि गाडीच्या मऊ आसनावर बसून तेथवर पोहोचता येते. चढताना दम लागत नाही, पाय दुखत नाहीत, त्यामुळे आपण किती वर आलो याची शरीराला आगाऊ सूचना मिळतच नाही.

या गावाचा इतिहासही आम्हा वैद्यकीय मंडळींना जिव्हाळ्याचा आहे. फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली हे आपल्या जुळ्या भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी तयार करणारे उद्योजक. १९०३ मध्ये क्षयरोगाने खंगलेल्या अवस्थेत ते वैद्यकीय सल्ल्यावरून येथे आले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. कोरडी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार होता. त्याच सुमारास आपल्या पाचगणीतही क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, ते याच समजुतीतून. स्टॅन्ली सुधारले, दरवर्षी उन्हाळ्यात येऊ लागले, १९०९ मध्ये त्यांनी तेथे मोठे हॉटेल बांधले आणि रेल्वे जेथे संपे तेथून पाहुण्यांना वर आणण्यासाठी वाफेवरच्या मोठ्या प्रवासी गाड्या सुरू केल्या. १९४० मध्ये ते वारले तेव्हा ९१ वर्षांचे होते. डोंगरची हवा प्रकृतीला चांगली, ही आपल्या आजी-आजोबांची श्रद्धा अशाच कथांवर पोसलेली आहे. हवा स्वच्छ असते, हे खरेच. पण ती विरळही असते, आणि सत्तरीतल्या हृदयाला व फुप्फुसांना विरळपणाचा हिशेब आधी चुकता करावा लागतो.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही तेवढेच असते, पण हवेचा दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. समुद्रसपाटीवर मिळणारा प्राणवायू शंभर धरला, तर एस्टिस पार्कला तो साधारण शहात्तर आणि ट्रेल रिजच्या माथ्यावर त्रेसष्टच्या घरात येतो. शरीर यावर हळूहळू उपाय करते. श्वास वाढतो, नाडी जलद होते, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचा समतोल बदलतात. या जुळवणीला दोन-तीन दिवस लागतात. ती पूर्ण होण्याआधी फार वर झोपलो तर डोके दुखते, मळमळते, भूक मरते, झोप तुटक होते. हीच डोंगरबाधा. तरुणांना होते आणि वृद्धांना होत नाही, किंवा याच्या उलट, असे काही नसते. नित्य व्यायाम करणाऱ्यालाही ती होऊ शकते.

‘झोपलो तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. दिवसा दोन तास वर जाऊन परत आल्याने सहसा फारसे बिघडत नाही. रात्री मात्र श्वास आपोआप मंद होतो आणि रक्तातील प्राणवायू आणखी उतरतो. हॉटेलात राहणारा माणूस जेथे हॉटेल असेल तेथे, म्हणजे बहुधा खालच्या गावात झोपतो. घर असलेली गाडी कोठेही उभी राहू शकते, आणि हौशी मुलगा ती सर्वांत सुंदर जागी, म्हणजे सर्वांत उंच जागी उभी करतो. चाकांवरच्या घराची सगळी गोम येथे आहे. मी असे सुचवतो की परदेशात पोहोचल्यावर झोपेचे घड्याळ जुळेपर्यंत आठवडाभर मुलाच्या घरीच राहावे. त्यानंतर दोन रात्री डेन्व्हरच्या उंचीवर, पुढच्या दोन रात्री एस्टिस पार्क गावातील तळावर, आणि सर्वांना बरे वाटत असेल तरच उद्यानातील तळाचा विचार करावा. गावातील खाजगी तळांवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. उद्यानातील तळांवर या सगळ्या जोडण्या मिळत नाहीत. ज्येष्ठांसाठी हा फरक निसर्गशोभेपेक्षा मोठा आहे.

तो किती मोठा, हे एका दांपत्याच्या अनुभवावरून सांगतो. वीस वर्षांहून अधिक काळ ते माझे रुग्ण आहेत. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, काकू अडुसष्टच्या. काकूंना रक्तदाब, त्यासाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी एक गोळी. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ, समुद्रकाठी राहतो. त्याने रजा जेमतेम मिळवलेली, म्हणून सकाळचे विमान, दुपारी डेन्व्हरला गाडी ताब्यात आणि संध्याकाळी थेट उद्यानातील तळ. एका दिवसात शून्यावरून अडीच हजार मीटर. पहिल्या रात्रीच काकूंचे डोके दुखू लागले. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली, तरीही बोलल्या नाहीत. त्यातच मुलगा सहज म्हणाला, की सांडपाण्याची टाकी भरत आली आहे, तीन दिवस पुरवायला हवी. काकूंनी ते मनावर घेतले. लघवीला वारंवार जावे लागू नये म्हणून त्यांनी गोळी बंद केली आणि पाणीही जवळजवळ सोडले. विरळ, कोरड्या हवेत श्वासावाटेच शरीरातील पाणी भराभर उडत असते. त्या हवेत त्यांनी दोन दिवस अर्धा तांब्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंच्या लक्षात आले, की समोर ठेवलेला चहा सासूबाईंनी उचललेलाच नाही. असे लग्नानंतरच्या बारा वर्षांत कधी घडले नव्हते. बोटाला यंत्र लावले तेव्हा आकडा ८४ दिसला. सूनबाईंनी चर्चा केली नाही. उरलेल्या दोन रात्रींचे आरक्षण सोडून दुपारपर्यंत सर्वजण खाली उतरले, वाटेत गावातील डॉक्टरांना दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी स्वतः चहा मागितला.

परतल्यावर त्या तपासणीला आल्या तेव्हा मी विचारले, ‘काकू, पहिल्याच रात्री का सांगितले नाहीत?’

त्या म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, पोराने एवढे पैसे भरलेले. वर्षाची रजा. नातवंडे नाचत होती. माझ्या डोक्यासाठी गाडी खाली आणायची?’

काका शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘मलाही दुखत होते. मला वाटले, ही काही म्हणत नाही तर मी कशाला म्हणू.’

हे ऐकून मला हसू आले आणि रागही आला. आपल्या पिढ्यांनी दुखणे गिळण्यालाच समंजसपणा म्हटले आहे. पाहुणा म्हणून मुलाच्या घरी गेलेले आईवडील तर हा समंजसपणा दुप्पट करतात. म्हणून सोबत असणाऱ्या मुला-सुनांना माझी विनंती आहे, की ‘आई, बरे आहे ना?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘डोके किती दुखते आहे? रात्री कितीदा जाग आली? सकाळपासून पाणी किती पेले प्यालात?’ असे विचारा. ताटात काय उरले ते पाहा. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून पाच-सहा पावले चालायला सांगा, आणि तोल सावरायला आधीच बाजूला उभे राहा. एरवी नीट चालणारे माणूस अडखळू लागले, बोलण्यात गोंधळ दिसला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यातून फेस येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता ९११ क्रमांकावर मदत मागावी आणि खाली उतरण्याची तयारी करावी. डोंगरबाधेवर उतरणे हेच पहिले औषध. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण गोळी घेऊन दुखणे दाबायचे आणि आणखी वर जायचे, हे नको. झोपेची गोळी आणि मद्य पहिल्या काही रात्री वर्ज्य. डोंगरबाधा टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचे औषध असते. मूत्रपिंडांचा विकार किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालतेच असे नाही, त्यामुळे मित्राने दिलेली पट्टी घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बोटाला लावायच्या यंत्राविषयी थोडे. कोविडनंतर ते घरोघरी आहे आणि त्याची धास्तीही घरोघरी आहे. उंचीवर आकडा काहीसा खाली येणे अपेक्षितच असते. मुंबईत ९८ असणारा माणूस एस्टिस पार्कला ९२ दाखवत असेल आणि हसतखेळत जेवत असेल, तर त्याला यंत्र दाखवून घाबरवू नये. हात गार असतील तर आकडा खोटाही येतो. आकडा आणि माणूस दोन्ही खालावत असतील तेव्हा मात्र तो गांभीर्याने घ्यावा.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, आणि ती डोंगरबाधेहून भयंकर आहे. गाडीत उष्णतेसाठी व स्वयंपाकासाठी गॅस जळतो, विजेसाठी इंजिनासारखे जनित्र असते. ज्वलनाचा धूर आत कोंडला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. त्याची लक्षणेही डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशीच, म्हणजे हुबेहूब डोंगरबाधेसारखी. ओळखण्याची खूण अशी, की गाडीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागते आणि मोकळ्या हवेत उभे राहिल्यावर कमी होते. असे झाले तर सर्वांनी आधी बाहेर पडावे, कारण नंतर शोधावे. गाडी ताब्यात घेतानाच कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र कोठे आहे ते विचारून त्याची कळ दाबून पाहावी. थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपणे, हा आपल्याकडचा घरगुती उपाय तेथे सर्वथा निषिद्ध समजावा.

गाडी निवडताना तिची लांबी आणि चित्रे सर्वजण पाहतात. ज्येष्ठांनी पायऱ्या पाहाव्यात. दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी पकडायला दांडा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. चालकाच्या डोक्यावरचा पलंग नातवंडांचा, आजोबांनी त्या शिडीकडे फिरकू नये. रात्री शौचालयापर्यंतच्या चार पावलांत दिवा हवा, आणि जमिनीवर पिशव्या नकोत. गाडी चालू असताना आत घर असले तरी ते घर नव्हे. चहा करायला किंवा लघवीला चालत्या गाडीत उठू नये, प्रत्येकाने पट्टा बांधून बसावे. मुलाला थांबायला सांगायचा संकोच वाटतो, म्हणून वळणावर उठलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते, आणि मग सहा महिन्यांचा सगळा मुक्काम अंथरुणात जातो.

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारासाठी रात्री यंत्र लावणाऱ्यांना वीज लागते, आणि जोडणी नसलेल्या तळांवर रात्री जनित्र चालवू देत नाहीत. त्यांनी गावातच मुक्काम करावा. इन्सुलिनची न उघडलेली कुपी शीतकपाटात बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरात असलेले पेन बाहेरच्या थंडीत गाडीच्या काचेशी ठेवू नये. औषधांच्या यादीत मूळ औषधांची नावे असावीत, आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या डॉक्टरांना समजत नाहीत. प्रवासी विम्यात जुन्या आजारांविषयीचे कलम मुलाकडून समोर बसून वाचून घ्यावे. डोंगरातून रुग्णवाहिकेने आणण्याचा खर्च तेथे सहलीच्या खर्चाहून कैक पट होऊ शकतो.

काहींना मी स्पष्ट नकार देतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, हृदय कमजोर असल्याने पाय सुजणारे, दम्याच्या जुनाट विकारात घरातच धाप लागणारे, रक्त फार कमी असणारे. विदर्भ आणि नंदुरबारकडील वाचकांना विशेष सांगतो, की सिकलसेलच्या रुग्णांनी अशा उंचीवर जाऊ नये, आणि ज्यांना आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. वाहकांनाही उंचीवर क्वचित प्लीहेचा तीव्र त्रास होतो. पोटात डावीकडे अचानक दुखू लागले तर ते गॅसेसवर ढकलू नये.

आता थोडे आनंदाचे. जाण्यासाठी जूनचा मध्य ते सप्टेंबर हा काळ बरा. ट्रेल रिज मार्ग हिमवर्षावामुळे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत बंद असतो. अलीकडच्या वर्षांत उन्हाळी हंगामात उद्यानात शिरायला वेळेचे आरक्षण लागते, ते मुलांनी आधीच करावे. चालणे झेपत नसेल त्यांच्यासाठी स्प्रेग तलाव आहे. त्याच्या काठाने दीड किलोमीटरहून कमी लांबीची सपाट वाट जाते, चाकांची खुर्चीही तिच्यावरून नेता येते, आणि समोर बर्फाचे डोंगर पाण्यात उतरलेले दिसतात. सप्टेंबरमध्ये एल्क नावाची, आपल्या सांबराहून मोठी हरणे गावाच्या मैदानांत उतरतात. नर माद्यांना साद घालतात ती शिळेसारखी, काहीशी करुण असते. ती गाडीच्या पायरीवर बसून ऐकावी. जवळ जाऊन छायाचित्र काढण्याच्या फंदात पडू नये, त्या दिवसांत नर चाल करून येतात. उद्यानाचा नियमही किमान २३ मीटर दूर राहण्याचा आहे.

ट्रेल रिजच्या माथ्यावर जायचे ते मुक्कामाच्या शेवटी आणि सकाळी लवकर. हा मार्ग सुमारे १८ किलोमीटर वृक्षरेषेच्या वरून जातो. झाड नाही, आडोसा नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज-वादळ येणे नित्याचे. वर पोहोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, सावकाश दहा पावले चालावे, थर्मासमधला चहा प्यावा. चार हजार मीटरच्या आसपासची शिखरे डोळ्यांच्या पातळीवर असतात आणि पायाशी बोटभर उंचीची फुले असतात. मग उतारावर मुलाला गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायला सांगावे, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. दुपारी बाराच्या सुमारास गाडी गावातल्या तळावर झाडाखाली उभी असावी. वरणभात तेथेच शिजवावा, आणि जेवल्यावर आजीचा डोळा लागला तर नातवंडांनी तिला उठवू नये.